शेठ गप्प झाला

३ तारीख, सोमवार

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रोज लिहून ठेवा, कुत्रा किती खातो, कधी गुरगुरतो, कशाला घाबरतो. त्याची वही वेगळी केली. ती त्यांना दाखवायची. तिच्याबरोबर ही पण घेतली, ही माझी. सातवीत शाळा सुटली, त्यानंतर पेन धरलं ते सामानाची यादी करायला. अक्षर कसंही येतंय. येऊ दे, वाचतंय कोण.

आम्ही लोखंडी पाइपांच्या गोदामात राहतो. हे तिथे वॉचमन आहेत. फाटकाला लागून एक खोली आहे, ती आमची. शेठ म्हणजे कुत्रा. लग्नाच्या आधीपासून यांच्यापाशी आहे. पिल्लू होता तेव्हा मालकांच्या खुर्चीत जाऊन बसायचा, म्हणून सगळे शेठ म्हणायला लागले. दिवसा साखळीला, रात्री मोकळा. मी लग्न होऊन आले तेव्हा माझे पाय हुंगले आणि बाजूला झाला. जा आत, पास आहेस, असं. माझ्या वाटेला कधी गेला नाही.

मग क्रेनची साखळी तुटली आणि पाइपांचा गठ्ठा खाली आला. शेठ तिथेच बांधलेला होता. त्याला लागलं काही नाही, ओरखडासुद्धा नाही. पण त्या दिवसापासून बिनसलं. पाइपावर पाइप आपटला की कापायला लागतो, जागेवर मुततो, साखळी चावतो. चावून चावून एक दात मोडून घेतला. आणि बबडी रांगायला लागल्यापासून तिच्याकडे बघून गुरगुरतो. परवा ती दारातून त्याच्या अंगावरच गेली, तर असा झेपावला. साखळी पुरली नाही म्हणून वाचली माझी पोर. मी तिला उचललं आणि आत नेऊन दार लावलं.

यांना म्हटलं, "इथे एक तर हा राहील नाहीतर मी. बबडीला घेऊन आईकडे जाते."

हे जेवता जेवता ताटावरून उठले. मग हात धुवून आले आणि म्हणाले, "कुत्र्यांच्या डोक्याचं बघणाऱ्या एक डॉक्टरीणबाई आहेत म्हणतात. एकदा दाखवू. गुण नाही आला तर तू म्हणशील तसं."

म्हणून आज गेलो. टेम्पोत मागे हे आणि शेठ, तोंडाला मुसकं घालून. बाई तरुण आहेत, सावकाश बोलतात. शेठला हात लावला नाही, नुसत्या जमिनीवर बसून राहिल्या त्याच्याकडे पाठ करून. मला वाटलं या काय डॉक्टर. मग म्हणाल्या, "हा रागीट नाही. घाबरलाय."

मी म्हटलं, "आम्ही पण घाबरलोय बाई."

हसल्या. दोन गोळ्या लिहून दिल्यात. एक रोज सकाळी. तिचा गुण यायला पाच-सहा आठवडे लागतात, आधी उलट चिडचिड वाढेल, खाणं कमी होईल, पण मध्येच बंद करायची नाही. दुसरी जड गोळी. मोठा माल उतरायचा असेल त्याच दिवशी, आवाज सुरू व्हायच्या आधी द्यायची. "तिने अंग सुस्त पडेल, पण आतली भीती तशीच राहते. पडून दिसला म्हणजे निवांत झाला असं समजू नका. बंद खोलीत एकटा ठेवा," म्हणाल्या. गुरगुरण्याबद्दल पण पुष्कळ सांगत होत्या. तो आधी तोंड फिरवतो, मग जीभ फिरवतो, मग गुरगुरून सांगतो, असं काहीतरी, आणि गुरगुरला तर ओरडू नका का काय. तेवढ्यात बबडीने किंचाळायला सुरुवात केली, मी तिला घेऊन बाहेर फेऱ्या मारत होते. नंतर यांना विचारलं, काय म्हणाल्या.

"जपून राहा म्हणाल्या."

एवढ्या वेळात एवढंच म्हणाल्या का, तर म्हणे हो, थोडक्यात तेच. हे समोरच्याचं ऐकताना मान इतकी डोलावतात की आत काही जातं का नाही देव जाणे.

५ तारीख, बुधवार

मेडिकलवाल्याने चिठ्ठी वाचली. पेशंटचं नाव विचारलं. हे म्हणाले शेठ. वय विचारलं. हे म्हणाले सहा. तो आमच्याकडे बघत राहिला. "सहा वर्षांच्या पोराला ही गोळी कोणी लिहून दिली?" मी म्हटलं, कुत्रा आहे हो दादा. मग तो हसला, दुकानातली सगळीच हसली. तो म्हणाला, गोळी माणसांचीच आहे, मन उदास असलं की देतात.

येताना हे एकदम म्हणाले, "उदासच झालाय तो. मी म्हणत होतो ना तुला." कधी म्हणत होते कोण जाणे.

गोदामात तात्याला कळलं. तात्या क्रेन चालवतो, म्हातारा आहे, जिभेला हाड नाही. "खोकून खोकून माझी छाती फुटली तर मालक एक गोळी देत नाहीत. आणि कुत्र्याला मनाची गोळी. पुढल्या जन्मी मला या खोलीपाशी बांधा रे." यांनी सांगितलं, गोळीचे पैसे मालकांचे नाहीत, माझे आहेत. तात्या म्हणाला, मग तर तूच गोळी घे.

७ तारीख, शुक्रवार

उकडलेल्या बटाट्यात गोळी घालून दिली. बटाटा खाल्ला आणि गोळी चाटूनपुसून बाजूला ठेवली. हे झोपेतून उठून आले, मांडी घालून त्याच्यापुढे बसले, हाताने भरवत राहिले. "घे रे, घे माझ्या राजा, कडू लागते ना, घे." बबडीला दूधभात भरवताना मी पण असंच बोलते. हे बबडीला कधी भरवत नाहीत. असो.

जेवण सोडलंय त्याने. साखळी असेल तेवढ्यात येरझाऱ्या घालतो. मला तो आवाज डोक्यात जातो. बबडीच्या कमरेला चादरीची पट्टी बांधली आणि खाटेच्या पायाला गाठ मारली. बाहेर कुत्रा बांधलेला, आत पोर बांधलेली. आधी हसू आलं. मग नाही आलं.

१० तारीख, सोमवार

गोळीने वाढलंच आहे. आज सकाळपासून गुरगुर, गुरगुर. बबडी दारात दिसली की गुरगुर. मी तिला कडेवर घेऊन नळावर गेले तरी गुरगुर. हे रात्रपाळी करून दिवसा झोपतात, झोपले की मेल्यासारखे. मी एकटी. ती एवढीशी पोर, पट्टी ओढून ओढून रडते, तिचा काय गुन्हा.

यांना उठवून म्हटलं, औषध उलटलंय. हे म्हणाले, "बाईंनी सांगितलं होतं ना आधी वाढेल म्हणून. धीर धर."

"धीर धरून त्याने फाडली तिला म्हणजे?"

"तो फाडणारा नाही."

"मग गुरगुरतो कशाला, गाणं म्हणतो?"

हे कूस बदलून झोपले.

तात्या पाणी प्यायला आला होता, त्याने ऐकलं. म्हणाला, "पोरी, मी कुत्री पाळलीत. त्याला मनाची गोळी नको, डबा पाहिजे. पत्र्याच्या डब्यात नट-बोल्ट भर. गुरगुरला की दणकून वाजव. मारायचं नाही, नुसतं वाजवायचं. आपोआप बंद होतं." मी म्हटलं, पण तो आवाजाला घाबरतो तात्या. तात्या म्हणाला, "मग तर बरंच झालं. लवकर शिकेल."

११ तारीख, मंगळवार

डबा केला. लोखंडाच्या गोदामात नट-बोल्टला काय तोटा.

हे झोपल्यावर बबडीला घेऊन दारात उभी राहिले. गुरगुरला. वाजवला. शेठ एकदम जमिनीला चिकटला, जसं काही वरून कोणी दाबलं. खाली ओलं झालं. डोळे एवढाले. मला कसंतरी झालं खरं. मग बबडीकडे बघितलं आणि परत वाजवला.

आतून यांनी विचारलं, काय वाजलं. मी म्हटलं, डबा पडला.

खोटं नाही, पण खरं पण नाही. यांना सांगितलं तर डबा फेकून देतील. कुत्र्याच्या वहीत पण नाही लिहिलं. त्यात फक्त गुरगुरला असं लिहिलं.

१५ तारीख, शनिवार

आता वाजवावा पण लागत नाही. नुसता उचलला की गप्प. काल आणि आज एकदाही गुरगुरला नाही. बबडी दारात बसून थाळी आपटत होती, हा तोंड पलीकडे करून बसला. माझ्या खांद्यावरून कोणी पोतं उतरवलं असं वाटलं. आज किती दिवसांनी केस नीट विंचरले.

१७ तारीख, सोमवार

डॉक्टरीणबाईंचा फोन आला. मी वही बघून सांगितलं, खातो बरं, येरझाऱ्या आहेत थोड्या, गुरगुरणं बंद.

"बंद? पूर्ण?"

"पूर्ण बाई."

"इतक्या लवकर गोळीने होत नाही खरं तर." मग म्हणाल्या, काही कुत्र्यांना लवकर लागू पडत असेल, छान आहे, तरी बाळाला जवळ नेऊ नका, पुढच्या महिन्यात घेऊन या. मी हो म्हटलं. डब्याचं त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. इतकं शिकलेलं माणूस, त्यांना कुठे नट-बोल्ट सांगत बसू.

२० तारीख, गुरुवार

खोटं कशाला बोलू, शेठ आता आवडायला लागलाय. बबडी दिसली की जांभया देतो. मोठाल्या, घसा दिसेल अशा. गोळीने झोप येत असेल. ती त्याच्याकडे बघून बा बा करते, तर हा ओठांवरून जीभ फिरवतो आणि मान वळवतो, लाजल्यासारखा. यांना दाखवलं. यांना इतका आनंद झाला की जेवताना भात परत मागितला.

"बघ. चांगला होता, चांगलाच आहे. तू उगाच आईकडे निघाली होतीस."

"गोळीने झाला."

"गोळीने झाला, आणि तू धीर धरलास म्हणून झाला."

लग्नाला तीन वर्षं झाली, यांनी मला पहिल्यांदा बरं म्हटलं. चादरीची पट्टी सोडून धुवून टाकली. बबडी खोलीभर रांगते आता, कोपरा कोपरा बघून येते, मुंगी दिसली तर तिच्याशी बोलते.

२४ तारीख, सोमवार

मालक आले होते. शेठने शेपूट पोटात घातली आणि मागे सरकला. मालक यांना म्हणाले, "हा काय, पाहुणा आणून बसवलाय का? चोराला पाणी विचारेल हा." हे म्हणाले, रात्री नीट भुंकतो साहेब. मालक जाता जाता म्हणाले, शुक्रवारी मोठा माल आहे, ट्रेलर येणार, दिवसभर उतरवायचं चालेल, फाटक सोडायचं नाही.

म्हणजे ती जड गोळी शुक्रवारी.

२७ तारीख, गुरुवार

उद्याचं ठरवत बसलो. बाई म्हणाल्या होत्या, बंद खोलीत एकटा ठेवा. आमच्याकडे खोलीच एक. सामानाच्या शेडला दार नाही. ऑफिसला कुलूप. बबडीला घेऊन मी कुठे जाऊ, गोदामाच्या आजूबाजूला नुसती गोदामंच आहेत. आईचं घर बसने पाऊण दिवसाचं.

हे म्हणाले, "तुझ्यापाशीच राहील. दार-खिडकी लावून घे. मी फाटकावर."

"मुसकं घालू?"

"गोळीने जीभ बाहेर येते, बाई म्हणाल्या. मुसक्यात गुदमरला म्हणजे?"

मी विचार केला. महिन्यापूर्वी असं कोणी म्हटलं असतं तर मी त्याचं डोकं फोडलं असतं. पण आता तो कुठे तसा राहिलाय. डबा कुठल्या कुठे पडलाय, मला उचलावा पण लागत नाही. तरी मघाशी उठून दाराची कडी दोनदा बघून आले. बहुतेक उद्याच्या आवाजाची धास्ती असेल.

१ तारीख, सोमवार

दवाखान्यातून लिहितेय. माणसांच्या. माझी आई आली आहे, ती बबडीला मांडीवर घेऊन बसली आहे, म्हणून हात मोकळे झाले. गालाला आणि वरच्या ओठाला टाके घातलेत. डोळा वाचला. डॉक्टर म्हणाले बोटभर वर असतं तर गेला असता. तोंड सुजून एवढं झालंय, माझी पोर मला ओळखू येत नाही. दूध चमच्याने थेंब थेंब. रडायला तोंड उघडते आणि दुखतं म्हणून मिटते.

शुक्रवारी सकाळी गोळी दिली. शेठ कपाटापाशी आडवा झाला. डोळे अर्धे उघडे, जीभ एका बाजूने बाहेर. बाहेर पाइप पडायला लागले. प्रत्येक आवाजाला त्याच्या कातडीवरून नुसती लहर जायची, बाकी अंग हलायचं नाही. मी खाटेवर कपड्यांच्या घड्या घालत होते. बबडी रांगत त्याच्याकडे निघाली.

मी बघत होते. माझं लक्ष नव्हतं असं आईला सांगितलंय, पण मी बघत होते. थांबवलं नाही, कारण तो काही म्हणत नव्हता. म्हणाला असता तर मी एका उडीत उचललं असतं. तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्याने जीभ फिरवली, तोंड भिंतीकडे केलं. मला वाटलं तिला जागा करून देतोय. तिने त्याचा कान धरला, उभं राहायला. बाहेर धडाडकन काहीतरी पडलं.

गुरगुर नाही, भुंकणं नाही, काही नाही. नुसतं झालं.

मग त्याने स्वतःच सोडलं आणि पाय ओढत खाटेखाली गेला. मी ओरडले ते बाहेर कोणाला ऐकू गेलं नाही इतका आवाज होता. दार उघडून तिला घेऊन पळत फाटकावर गेले. यांनी बघितलं आणि हातातलं रजिस्टर खाली पडलं.

३ तारीख, बुधवार

हे रोज येतात. दूध आणतात, खाटेच्या टोकाला बसतात, बबडीचा पाय हातात धरतात. आज आईने विचारलं, "त्या कुत्र्याचं काय केलंत जावईबापू?"

"बांधलाय."

"अजून?"

यांनी बबडीच्या पायावर चादर ओढली. मग मला म्हणाले, मालकांनी तात्याला सांगितलंय, लांब नेऊन सोड नाहीतर काय करायचं ते कर. "तात्याच्या हाती देणार नाही मी. बाईंकडे नेतो. त्या झोपवतील नीट." उठता उठता म्हणाले, "तू पण चल. बाई म्हणाल्या, वही घेऊन तिला आणा, विचारायचंय."

मला त्याचं तोंड बघायचं नव्हतं. पण हे एकटे गेले असते तर परत घेऊन आले असते, हे मला माहीत आहे.

५ तारीख, शुक्रवार

झालं.

डॉक्टरीणबाईंनी आधी बबडीचं विचारलं. मग वही बघत बसल्या. शेठ यांच्या पायाशी, मुसकं घातलेलं. बाईंनी विचारलं, चावायच्या आधी गुरगुरला नव्हता का.

"नाही बाई. गुरगुरणं त्याने केव्हाच सोडलं होतं. इतका चांगला झाला होता. तेच तर कळत नाही."

"इतक्या पटकन कसं काय सोडलं असेल? घरात काही बदललं होतं का?"

मी म्हटलं, गोळी होती आणि मी डबा वाजवायचे.

"कसला डबा?"

सांगितलं. पत्र्याचा, नट-बोल्ट भरलेला. गुरगुरला की वाजवायचा. नंतर नंतर नुसता उचलला तरी पुरायचा, इतका हुशार होता. बाईंचं पेन थांबलं. यांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही, ओळख नसलेल्या माणसाकडे बघतात तसं. मग हे खुर्चीवरून उतरून खाली फरशीवर शेठपाशी जाऊन बसले आणि त्याचं डोकं मांडीवर घेतलं.

बाईंनी वही मिटली. मग माझ्या हातावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "तुमची चूक नाही."

सुई टोचली तेव्हा त्याने तोंड फिरवलं. हे त्याला राजा राजा म्हणत होते. लवकर झालं.

येताना टेम्पोत हे म्हणाले, "कधी वाजवायचीस?"

"तुम्ही झोपायचात तेव्हा."

बबडी बरी आहे, काल घरी सोडलं तिला, आज चमचा स्वतः धरला, तोंडापाशी नेऊन परत ठेवला. डॉक्टर म्हणतात व्रण राहील, वाढेल तसा फिका होईल. आता ती खोलीत आहे, दार सताड उघडं आहे, बाहेर कोणी नाही. मला हायसं वाटायला पाहिजे होतं.

बाई असं का म्हणाल्या ते कळत नाही. माझी चूक आहे असं कोणी म्हटलंच नव्हतं. मी तर पोरीसाठीच केलं सगळं. यांना विचारीन म्हणते, पण हे आल्यापासून साखळीच्या खुंटीपाशी बसलेत, आत यायचं नाव घेत नाहीत.